फणीची पैज

बस सावे शहर ओलांडून तेहरानच्या रस्त्याला लागली, तेव्हा उस्ताद नेमतुल्लाह यांनी मांडीवरची शाल पुन्हा एकदा चाचपून पाहिली. शालीत वाडगा होता. त्यांच्या लालजीन गावची माती, वर पांढरा लेप, आणि काठालगत काळ्या रंगात फिरवलेली त्यांच्या घराण्याची दातेरी नक्षी, फणी.

"किती वेळा बघशील?" मागच्या बाकावरून इस्फंदियार म्हणाला. "अंडं नाही ते. उबवून काही निघायचं नाही."

"अंडी तुझ्या साच्यातून निघतात, अमूग्लू," नेमतुल्लाह मागे न बघता म्हणाले. "सगळी एकसारखी."

पाचवीच्या अठरा मुली खुदखुदल्या. चुलत भावाला लालजीनमध्ये अमूग्लू म्हणतात. हे दोघं चुलत भाऊ तो शब्द कधी लाडानं वापरायचे, कधी शिवीसारखा, आणि आज कसा वापरला ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. खानुम नीकजाद, म्हणजे मुलींच्या बाई, पुढच्या बाकावर हजेरीचा कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दोघांकडे वळून पाहिलं आणि उगाच एकदा मुली मोजल्या.

सहल शाळेचीच होती, राष्ट्रीय संग्रहालय पाहायची. पण दोन म्हातारे तिच्यात कसे आले ते सांगायला हवं.

नेमतुल्लाह बहात्तर वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी भट्टी मुलाच्या हवाली केली आणि दर गुरुवारी दुपारी शाळेच्या मागच्या खोलीत मुलींना मातीकाम शिकवायला लागले. पैसे घेत नसत. मुलगी कितीही चुको, त्यांचा आवाज चढत नसे. ओल्या फडक्यानं चूक पुसायची, कुंचला परत तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "पुन्हा. माती कुठे पळून जात नाही." आठवड्याचे बाकीचे सहा दिवस गुरुवारच्या वाटेकडे डोळे लावून जायचे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलींना ते शिकवत ती ही फणी. दोन उंच दात, एक ठेंगू, एक खाली झुकलेला, मग पेटी, मग गाठ. की पुन्हा दोन उंच. काठावरून अशी फिरत जायची. पणजोबांपासून हे शब्द तोंडी चालत आले होते आणि मुलीही ते पाढ्यासारखे म्हणत. फणी हजार वर्षं जुनी आहे, असं उस्ताद सांगत.

इस्फंदियार साच्यातली भांडी करून विकायचा, आणि पालकसंघाचा प्रमुखही होता. त्याची नात याच वर्गात होती. यंदा शाळेच्या दारावर मुलींच्या हातची फरशी बसवायची ठरलं, तेव्हा तो म्हणाला की डाळिंब काढा, मासे काढा, जे विकलं जातं ते शिकवा. आणि चहाच्या दुकानात सात माणसांसमोर आणखी एक गोष्ट बोलला. "हजार वर्षं? ही फणी माझ्या काकांनी, याच्या वडिलांनी काढलेली. चहाच्या डब्यावर बघून. पोरींना खोटं शिकवू नये."

नेमतुल्लाह यांना मिरच्या झोंबल्या. त्यांचे वडील तरुणपणी तेहरानला शिपाई होते. सुटीच्या दिवशी त्यांनी संग्रहालयात काचेमागे तोच वाडगा डोळ्यांनी पाहिला होता, आणि ते मरेपर्यंत ही गोष्ट सांगत. नेमतुल्लाह यांनी कप खाली ठेवला आणि सातही माणसांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी शिकवतो ती फणी, रेघ न् रेघ, सरकारी काचेमागे तुला दाखवीन. नाही दाखवली, तर पुन्हा कुठल्याही मुलीच्या हातात कुंचला देणार नाही."

कुणीतरी म्हणालं, मोबाइलवर शोधा की. इस्फंदियारनं हात झटकला. "मोबाइलवर उंटाला पंख असलेलाही सापडतो. काच हवी. कुलूप हवं. समोर पहारेकरी हवा."

म्हणून दोघं बसमध्ये होते.

संग्रहालयाच्या दारातच पहिली अडचण आली. सामान ठेवायच्या खिडकीतल्या माणसानं शाल उलगडली, वाडगा पाहिला आणि मान हलवली.

"हा आत नेता येणार नाही, आजोबा."

"मला तो फक्त शेजारी धरून बघायचाय."

"आत जाताना हातात वाडगा, बाहेर येताना हातात वाडगा. हा तुमचाच, हे मी कशावरून ओळखू?"

"माझा नवा आहे. गेल्या महिन्यातला."

"ऐका," इस्फंदियार मुलींकडे वळून म्हणाला. "दोन महिने हजार वर्षं ऐकत होतो. दारात आल्यावर गेल्या महिन्यातला झाला."

खिडकीतला माणूस हसला. नेमतुल्लाह यांनाही हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. वाडगा खिडकीत राहिला आणि त्याऐवजी हातात पितळेचा एक बिल्ला आला.

विटांची इमारत आणि तिची उंच कमान वडिलांनी सांगितली होती तशीच होती. आत मुली मिठाच्या खाणीत सापडलेल्या, शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसापाशी अडकल्या, कारण त्याची दाढी अजून शाबूत होती. बाई एकेकीला ओढून पुढे नेत होत्या. नेमतुल्लाह मात्र मडक्यांपाशी थांबत गेले. पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची मडकी, त्यांच्यावर लांब शिंगांचे बोकड. एका भांड्याच्या कानापाशी त्यांनी तूबाला बोलावलं.

तूबा वर्गातली डावखुरी मुलगी. तिच्या हाताबद्दल उस्तादांनी तिला कधी टोकलं नव्हतं. टोकायचं ते दिशेबद्दल. तूबाची फणी नेहमी उजवीकडून निघायची. ती म्हणायची, "डावीकडून काढलं की माझा हात ओल्या रंगावर घासतो." उस्ताद म्हणायचे, "लिहिणं उजवीकडून, नक्षी डावीकडून, बाळ. म्हणून तर कळतं, ही नक्षी आहे, अक्षर नव्हे." हेही वडिलांचंच वाक्य. मग फडकं, मग पुन्हा.

"कान कुठे चिकटवलाय ते बघ," आता ते तिला म्हणाले. "काय दिसतं?"

तूबानं काचेला नाक लावलं. "खळगा आहे छोटा."

"अंगठा आहे तो. कुंभाराचा. माझ्या अंगठ्यापेक्षा बारीक. बाई असेल, नाहीतर तुझ्याएवढी कुणी."

तूबानं आपला अंगठा वर धरून, एक डोळा मिटून मापला. "माझाच आहे," ती म्हणाली.

"काचेपासून लांब," कोपऱ्यातून पहारेकऱ्याचा आवाज आला.

वडिलांनी सांगितलं होतं, जिना चढायचा, खिडकीजवळचं तिसरं कपाट. नेमतुल्लाह गुडघ्यावर हात देत जिना चढले. मागोमाग इस्फंदियार, मागोमाग निम्मा वर्ग. खिडकीजवळ कपाटं होती. तिसऱ्या कपाटात दगड होते. टोकदार दगड, चपटे दगड, तासलेले दगड. चौथ्यातही दगडच. नेमतुल्लाह यांनी सगळा मजला दोनदा फिरून पाहिला. मडक्याची खापरीसुद्धा नव्हती.

इस्फंदियार दगडांखालच्या पाट्या वाचत राहिला. नेमतुल्लाह यांना ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं. गुरुवारची खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली, तीही रिकामी, बाकं भिंतीला लावलेली. त्यांनी ते चित्र बाजूला सारलं आणि सरळ पहारेकऱ्यापाशी गेले.

"इथं वाडगे होते. पांढरे, काळ्या नक्षीचे. कुठे गेले?"

"तुम्ही कधी पाहिलेत?"

"मी नाही. माझ्या वडिलांनी. शिपाई होते तेव्हा."

"म्हणजे किती वर्षं झाली असतील?"

"ऐंशीला थोडी कमी."

पहारेकऱ्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करावी की आदर दाखवावा, हे त्याला ठरवता येईना. "मधल्या काळात थोडं सामान हललंय, आजोबा. इस्लामनंतरचं सगळं शेजारच्या पांढऱ्या इमारतीत आहे. तिथे विचारा."

"बघ," नेमतुल्लाह जिना उतरताना म्हणाले, "घर बदललंय फक्त."

"भाडेकरू सापडू दे आधी," इस्फंदियार म्हणाला.

पांढऱ्या इमारतीत गारवा होता. पावलं वाजत होती म्हणून मुली आपोआप हळू चालायला लागल्या. मोठमोठ्या कुराणांची पानं, मग तारेच्या आकाराच्या चकाकत्या फरश्या, मग निळ्या सुरया. नेमतुल्लाह कशापाशीच थांबले नाहीत. एकेका कपाटावरून नजर फिरवायची आणि पुढे जायचं. बाजारात आपली हरवलेली शेळी शोधणारा माणूस दुसऱ्याच्या शेळ्यांकडे बघत नाही, तसं. दुसऱ्या दालनाच्या वळणावर ते थांबले.

वाडगा त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा होता, दोन ओंजळींत न मावणारा. पांढरा लेप हस्तिदंतासारखा झाला होता, एका बाजूनं सांधलेली भेग होती. मधला भाग कोरा. आणि काठालगत काळी फणी.

दोन उंच. एक ठेंगू. एक झुकलेला. पेटी. गाठ.

त्यांनी मनात म्हटलं, मग ओठात म्हटलं. आजूबाजूला आलेल्या मुलींनी ते उचललं आणि सगळ्या मिळून कुजबुजत म्हणायला लागल्या, "दोन उंच, एक ठेंगू, एक झुकलेला, मग पेटी, मग गाठ." एकीनं आनंदानं दुसरीचा हात दाबला.

इस्फंदियार गर्दीतून पुढे आला. त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, बराच वेळ पाहिलं, मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"चहाचा डबा नाही हा," तो म्हणाला.

"नाही."

"दात आहेत. पेटी आहे. गाठही आहे." त्यानं घसा साफ केला. "चहाच्या दुकानात तेच सातजण असतील शनिवारी. त्यांच्यासमोर सांगीन. काकांचीही माफी मागीन, त्यांच्या कबरीवर जाऊन. झालं समाधान?"

नेमतुल्लाह यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वडील इथंच कुठेतरी उभे राहिले असतील, टोपी काखेत धरून, वाचता न येणारे, आणि काचेमागे आपल्या घरचं माणूस दिसल्यासारखे हसले असतील.

बाई कपाटाखालची पाटी वाचत होत्या. "उस्ताद," त्या म्हणाल्या, "ही फणी नाही. लिहिलेलं आहे. जुन्या कोनदार अक्षरांत एकच शब्द काठावर फिरवलाय. बरकत."

"काय?"

"बरकत. अरबीत अल्-बरकत. बरकत, बरकत, बरकत. जेवणाऱ्याला दिलेला आशीर्वाद."

इस्फंदियारला राहवलं नाही. "पणजोबांपासून बरकत दारात उभी आहे," तो म्हणाला, "आणि आपण तिच्यानं केस विंचरतोय."

मुली हसल्या, बाई हसल्या, आणि नेमतुल्लाह तर इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. मग त्यांच्यातला शिकवणारा जागा झाला. "वह्या काढा," ते म्हणाले. "आशीर्वाद नुसता बघून घरी नेता येत नाही. हातातून गेला पाहिजे. जशी आहे तशी काढा. आधी काढायचं, बोलायचं मग."

अठरा वह्या उघडल्या. मुली जमिनीवर, भिंतीला टेकून, एकमेकींच्या पाठीवर वह्या ठेवून बसल्या. बाईंनी आपल्या वहीतला एक कागद फाडून उस्तादांनाही दिला. नेमतुल्लाह यांनी पेन्सिल टेकवली आणि हात चालू लागला. बघायची गरजच नव्हती, साठ वर्षं हात हेच काढत आला होता. दोन उंच, एक ठेंगू, एक झुकलेला, पेटी, गाठ. झालं. त्यांनी कागद काचेपाशी धरला.

आणि तसाच धरून ठेवला.

त्यांच्या कागदावर उंच दात डावीकडे होते आणि गाठ उजवीकडे. काचेमागे उंच दात उजवीकडे आणि गाठ डावीकडे. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं, वाडग्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. फरक पडेना. दात सगळे तेच होते, क्रम तोच होता, पण वाट उलटी. आरशात पाहावं तसं. आणि आरशात अक्षर वाचता येत नाही. त्यांच्या घराण्यानं चार पिढ्या काठावर जे फिरवलं, त्याचा कुठल्याच भाषेत अर्थ होत नव्हता.

इस्फंदियार तीन कपाटं पुढे जाऊन निळ्या सुरईची किंमत काय असेल याचा अंदाज नातीला सांगत होता. त्यानं हार मानली होती. मुली खाली मान घालून काढत होत्या, आणि बहुतेकींच्या वह्यांत फणी डावीकडूनच निघाली होती, कारण त्यांनीही बघून काढलीच नव्हती. हातांनी काढली होती. नेमतुल्लाह यांनी कागदाची घडी केली असती तर कुणालाही काही कळलं नसतं.

तेवढ्यात त्यांचं लक्ष तूबाकडे गेलं. ती त्यांच्या पायाशीच बसली होती. तिच्या वहीत फणी उजवीकडून निघाली होती, गाठ डावीकडे. काचेमागे होती तशीच, तंतोतंत. तिनं वर बघून उस्तादांच्या हातातला कागद पाहिला होता. आणि आता ती खोडरबर घेऊन आपली फणी पुसत होती. उंच दात गेले होते. ठेंगू अर्धा गेला होता.

नेमतुल्लाह खाली बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"का पुसतेस?"

"माझी उलटी आलीय," तूबा म्हणाली. "नेहमीसारखी."

"वाडग्याकडे बघितलंस?"

"बघूनच काढली. पण तुमची तशी नाही."

"मग वाडग्यावर भरवसा का नाही ठेवलास?"

तूबा गोंधळली. "वाडगा कुठे शिकवतो आम्हाला?" ती म्हणाली.

नेमतुल्लाह यांनी अर्धवट पुसलेली वही जवळ ओढली. किती गुरुवार त्यांनी प्रेमानं, आवाज न चढवता, ओल्या फडक्यानं हे पुसलं होतं. पोरगी आता फडक्याचीही वाट पाहत नव्हती. स्वतःच पुसायला शिकली होती.

"खोडरबर दे इकडे," ते म्हणाले. "आणि जे पुसलंस ते पुन्हा काढ. तुझं बरोबर आहे. माझं चुकलंय."

मग ते उठले, अंग सरळ केलं आणि दालनात घुमेल अशा आवाजात हाक मारली. "अमूग्लू. इकडे ये. तू हरला नाहीस."

पहारेकऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. इस्फंदियार आला. नेमतुल्लाह यांनी त्याच्या हातात कागद दिला, मग तूबाची वही दिली, आणि वाडगा दाखवला. मुली भोवती जमल्या. इस्फंदियारनं पुन्हा चष्मा लावला. त्याला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जेवण संपवून हात धुतले आणि कुणीतरी पुन्हा ताट वाढलं, तसा.

"हे कसं झालं?" बाईंनी विचारलं.

नेमतुल्लाह काचेजवळ वाकले. आता ते दात बघत नव्हते, रंग बघत होते. "पोरींनो, हे जुनं अक्षर मला वाचता येत नाही, पण हात वाचता येतो. हा उजवीकडचा उंच दात बघा. रंग जाड बसलाय, काठाला थेंब सुजलाय. इथं कुंचला नुकता रंगात बुडवला होता. डावीकडे जाताना रंग विरळ होत जातो. गाठीपाशी तर कुंचला कोरडाच झालाय, केसांच्या रेघा दिसतात. मग पुढचा उंच दात पुन्हा जाड. म्हणजे हा उजवीकडून डावीकडे गेला. लिहिणारा माणूस होता हा. हात उचलून धरायची सवय असलेला, ओल्या अक्षरावर मनगट न टेकवणारा."

"आणि आपले पणजोबा?" इस्फंदियारनं विचारलं.

"त्यांना लिहिता येत नव्हतं. कुणा जाणत्याकडून क्रम पाठ केला असेल, दोन उंच, एक ठेंगू. पण हात उजवा, आणि मनगट टेकवायची सवय. उजवीकडून निघाले असते तर पुढे जाता जाता मागचं पुसलं गेलं असतं. म्हणून कोरड्या बाजूनं निघाले, डावीकडून. शब्द बरोबर चालत आले, वाट उलटी झाली. आणि वडिलांनी त्याचाही नियम केला, नक्षी डावीकडून." ते तूबाकडे वळले. "हिचा हात डावा. हिच्यासाठी कोरडी बाजू उजवीकडची. हिला कुणी शिकवलं नसतं तर ही आपोआप बरोबर आली असती. मी शिकवलं म्हणून अडली."

तूबानं आपली वही परत घेतली. मग इस्फंदियार म्हणाला, "बरं. पण मी हरलोय. एकदा म्हटलं ते म्हटलं."

"तू कसा हरलास? 'मी शिकवतो ती, रेघ न् रेघ' अशी पैज होती. एकही रेघ जागेवर नाही."

"दात तेच आहेत."

"वाट उलटी आहे."

"अरे, हजार वर्षांत एवढं इकडचं तिकडे व्हायचंच. माझं हरणं मला परत करू नकोस, वाईट दिसतं."

"तू मोठेपणा दाखवतोयस म्हणून मी जिंकत नाही."

"आणि तू खरं बोललास म्हणून मी जिंकत नाही. आधी तू जिंक."

"नाही, तू."

दोघं हॉटेलात बिलावरून भांडावेत तसे हरण्यावरून भांडत होते. शेवटी बाई मध्ये पडल्या. "इथं मोठ्यानं बोलू देत नाहीत," त्या म्हणाल्या. "अंगणात भांडा."

अंगणात बाकावर बसून मुलींनी भाकरीत बांधलेलं पनीर आणि अक्रोड खाल्ले. इस्फंदियारनं थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला, साखरेचा खडा भावापुढे धरला. नेमतुल्लाह यांनी खडा गालात ठेवला.

"सातजणांसमोर शब्द दिलाय," ते म्हणाले. "मोडणार नाही. गुरुवारपासून मी कुठल्याही मुलीच्या हातात कुंचला देणार नाही."

मुलींचं खाणं थांबलं. इस्फंदियारच्या नातीनं आजोबांकडे असं पाहिलं की तो दुसरीकडे बघायला लागला.

"हट्टीपणा आहे हा," तो पुटपुटला. "पोरींनी काय करायचं?"

"सांगतो की." नेमतुल्लाह यांचा चेहरा उतरलेला नव्हता. उलट तो कामाच्या सकाळी असतो तसा झाला होता. "तूबा."

"जी."

"गुरुवारी तू कुंचला आणायचास आणि माझ्या हातात द्यायचास. मला फणी शिकायची आहे. उजवीकडून. साठ वर्षांची सवय आहे, लवकर जाणार नाही. जमेल तुला?"

तूबानं घास गिळला. "मी रागावले तर चालेल?"

"मी कधी रागावलो?"

"नाही. पण तुम्ही हळू शिकाल असं वाटतंय."

इस्फंदियारच्या तोंडातला चहा नाकात गेला. ठसका थांबायला बराच वेळ लागला. मग तो डोळे पुसत म्हणाला, "देण्याबद्दल पैज होती. घेण्याबद्दल काही ठरलं नव्हतं. सातजणांना विचारून बघ हवं तर."

"नको विचारायला. तू पालकसंघाचा प्रमुख आहेस. तू सांग."

"प्रमुख म्हणतो, शाळेत शिकायला कुणाला बंदी नाही. पण फी लागेल."

"काय?"

"दारावरची फरशी. आधी हा शब्द तिथे लागेल. सुलटा. डाळिंबं नंतर बघू."

गुरुवारी शाळेच्या मागच्या खोलीत बाकं नेहमीसारखी मांडली होती. फक्त उस्ताद समोर नव्हते, तूबाच्या शेजारी बसले होते. तिनं त्यांच्या हातात कुंचला दिला. त्यांनी उजवीकडे टेकवला, आणि पहिला उंच दात काढताच हात आपोआप उजवीकडेच घसरला. पुसलं. पुन्हा. या वेळी मनगट ओल्या रंगावरून गेलं आणि अर्धा काठ काळा झाला.

"हात उचला," तूबा म्हणाली.

"उचलला की थरथरतो."

"थरथरू दे."

बाकीच्या मुलीही आपापल्या भांड्यांवर उजवीकडून डावीकडे जायला धडपडत होत्या. कुणाचा कुंचला कुणाच्या हातात कुणी दिला, हे कुणी विचारत नव्हतं. चौथ्या वाडग्यापाशी नेमतुल्लाह यांनी मनगट न टेकवता, श्वास रोखून, गाठीपर्यंत मजल मारली. त्यांच्या मिशीवर रंग लागला होता.

दारात इस्फंदियार उभा होता. नातीला न्यायला आलो असं म्हणाला, पण शाळा सुटायला अजून तासभर होता. तो आत आला, भावाच्या हातातला ओला वाडगा जपून घेतला आणि खिडकीच्या उजेडात फिरवत, पाटी वाचावी तसा वाचू लागला.

"हे दोन उंच म्हणजे अल्... ब... र... ही पेटी म्हणजे क... त." त्यानं पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, या वेळी एका दमात. मग वाडगा परत दिला. "वाचता येतंय. क लंगडा आहे."

"सुधारेल," तूबा म्हणाली आणि उस्तादांपुढे पाचवा वाडगा ठेवला.